उलटा पंखा

डुलुथमध्ये फेब्रुवारी. सरोवर गोठलेलं,
धक्क्याला जहाजं बर्फात रुतून उभी.
टॉर्गर्सनच्या तळघरात मात्र
पाणी पंचवीस अंश, खारट,
आणि त्यात एक प्रवाळ, मरगळलेलं.

"वारा लागत नाही त्याला," तो म्हणतो.
म्हणजे पाणी.
एकतीस वर्षं खनिजाच्या जहाजात, इंजिनखोलीत गेली,
त्याला दोन्ही एकच.

पंपाचं तोंड करंगळीएवढं. धार निघते
ती एकाच जागी टोचत राहते,
बाकी टाकी झोपलेली.
त्याने करवतीने तोंडच छाटलं,
आतलं चाक उपटलं,
बोटीचा पंखा काढला, पितळेचा, तीन पात्यांचा,
उजेडात धरला आणि परत डब्यात टाकला.
"तांबं उतरलं पाण्यात, तर संपलंच सगळं."
मग प्लास्टिकचा. नातवाच्या खेळण्यातला,
न विचारता.

मी टॉर्च धरून उभा.
प्लग लावला.
वाळू उठली, पाणी दुधाळ,
मासे कोपऱ्यात गठ्ठ्याने.
पंखा उलटा फिरत होता.

"या मोटरला दिशा नसते रे.
सुरू होताना जिकडे कल, तिकडे."
काढला. लावला. उलटा.
काढला.
किती वेळा, मोजलं नाही; माझा हात भरून आला.

मग एकदम
टाकीच्या त्या टोकापर्यंत सगळं कललं,
प्रवाळाची बोटं सावकाश
एका बाजूला, परत दुसऱ्या.

तो काही बोलला नाही. काचेला कान लावला,
इंजिन ऐकतात तसा.

"रात्री वीज जाऊन आली तर?"
"तर उठायचं."

वर जाताना
जिन्यातला दिवा त्याने तसाच ठेवला.