खाली नेताना एक वजा

मकरपुऱ्याच्या किरीटभाईंना
व्हॉल्व्हच्या ऑर्डरींचा तक्ता माउसनं वरखाली करायचा होता.
ओळ धरायची, ओढायची, सोडायची.
"एटलुंज," म्हणाले. एवढंच.

एवढ्याशाला मला तीन रात्री लागल्या.

ओळ उचलली की तिची फिकट सावली
बाणाला लटकून येते.
मूळ ओळ मात्र जागची हलत नाही,
हात सोडेपर्यंत ती दोन्हीकडे असते.
दोन ओळींच्या फटीत निळी रेघ उमटते: इथं.
वर नेली तर बिनचूक.
खाली आणली की चुकते.
तिसरी धरून सातवी-आठवीच्या मधे सोडली,
तर आठवीला ओलांडून पडली.
दर वेळी. हट्टानं.

बाबा पाणी प्यायला उठले होते.
एकतीस वर्षं प्रतापनगर यार्डात शंटिंग,
छोट्या गाडीचे डबे, काखेत झेंड्या,
आणि उजवी तर्जनी कपलिंगमध्ये गेलेली,
मी बालवाडीत होते तेव्हा.
तांब्या हातात धरून खुर्चीमागे उभे राहिले.
"उचलून ठेवतेस होय?
आणि मधले डबे काय, हवेत?"

"बाबा, हे डबे नाहीत."

"नसू देत. तिसरा काढलास.
मग आठवा आठवा राहिला का?"
तांब्या टेबलावर ठेवून बोटं उघडली,
मोजत मोजत तर्जनीपाशी आले,
तिच्या जागेवर अंगठा टेकवला
आणि पुढे गेले.
"मागचे सगळे एक घर पुढे आले, बये.
तू अजून जुन्याच आठव्यापाशी
झेंडी घेऊन उभी."

एक ओळ लिहिली.
खाली नेताना, एक वजा.
तिसरी गेली ती नेमकी फटीत बसली,
आवाजसुद्धा झाला नाही.
बाबांना त्याचंच नवल वाटलं,
जोडणी झाली आणि आवाज नाही.

"द्या, तुम्ही करून बघा."
मधल्या बोटानं त्यांनी माउस दाबला,
एक ऑर्डर धरली, चार इंची गेट व्हॉल्व्ह,
हळूहळू खाली आणली.
निळी रेघ आली. हात तसाच.
"सोडा ना आता."

"थांब," म्हणाले, पडद्याजवळ वाकून,
"मधे कुणी उभं नाही ना,
बघू दे."