साठ पानं

हेरंब, पत्ते पिसायच्या आधी कुळ ठरव.
रोमेल म्हणेल मुकुटवाल्यांचं घे, त्यांच्याकडे दरबार आहे, वशिला आहे.
अकील म्हणेल लांडग्यांचं.
ऐकून घे, त्यांचा चहा पी,
आणि ओहोटीवाल्यांचं घे.

त्यांना कुणी घेत नाही.
वाहतं पाणी ओलांडलं की त्यांचं निम्मं रक्त आटतं,
असं प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलंय.
चष्मा लागायच्या आधी वाचलं होतं मी ते,
गुदैबियाच्या ह्याच खोलीत, एसीच्या खडखडाटात,
आणि हसलो होतो एकटाच.

सुरुवातीला रक्ताच्या तीस बिया मिळतात.
बिया खजुराच्या, खऱ्या,
रोमेलच्या बायकोच्या नेलपॉलिशनं रंगवलेल्या.
आठ हरवल्यात, त्यांच्या जागी राजमा.
थडग्यातला प्रत्येक जण उठायला बिया मागतो.
पोरसवदा दोनात उठतो, डोळे चोळत,
आणि त्याच रात्री कामाला लागतो.
म्हातारा अकरा मागतो.

तिथेच चुकतात सगळे. मीही चुकलो.
चार म्हातारे भरले होते, सोनेरी कडांचे,
एकाच्या बोटात अंगठ्याच सात.
अख्खा डाव चौघे निजलेले,
मी उशाशी बिया रचत बसलेला,
आणि समोरून बिजॉय एकेक उचलून नेतोय
सावकाश, दर वेळी माफी मागत.

तेव्हा दोनाचे पाच घे, चाराचे तीन.
शिकारीची पानं बारा, तेरावं नको.
'उसनी होडी' चारही हवीत:
कुळाचं जे दुखणं, त्याचं औषध आधी भरायचं,
नखं-दात मागाहून.
'दिवसाची झोप' काढून टाक, म्हणेल अकील.
काढू नकोस.
जुलैत बारा ते चार यार्ड बंद असतं तुझं,
पत्र्याच्या सावलीत आडव्या माणसाला
ते पान समजावून सांगावं लागत नाही.

एकदा अकीलनं विचारलं, तुमच्याकडे ह्यांना काय म्हणतात?
वेताळ म्हणालो, मग नाही म्हणालो. हडळ? तीही नाही.
शेवटी म्हटलं, खवीस.
त्यानं मांडीवर थाप मारली. अरे, हा तर आमचा! खबीस!
माझी आजी मला दिवसातून दहादा म्हणायची.
इथे साधी शिवी,
कुणाच्या तरी गलबतातून वेंगुर्ल्याला उतरली
आणि माडाखाली उभी राहून चांगलं भूत झाली.
रक्त आटलं नाही तिचं.
बिजॉय म्हणाला, खेळताय की नाही?

हां, तर काढायला शीक. भरणं कुणालाही येतं.
साठाच्या खाली जाता येत नाही, वर कितीही जा,
पण प्रत्येक जादा पान
हव्या पानाला एक रात्र मागे ढकलतं.
परवापासून बॅग तशीच भरतोय मी.
स्प्रिंगच्या काट्याला लटकवायची, बघायचं, पुन्हा उघडायची.
मिक्सर काढला. ब्लँकेट काढलं, घातलं.
आईनं सांगितलेल्या टॉर्चपैकी एकच.
तीस किलो दोनशे. अजून दोनशे कुठून काढू?

हा डबा तुझ्याकडे राहू दे.
वजन केलंय, बियांसकट चारशे भरतो.
मोजशील तर एकोणसाठ पानं निघतील,
बोंबलू नकोस, माहीत आहे मला.
सात अंगठ्यांचा म्हातारा मी घेतलाय,
पासपोर्टच्या कव्हरात, फोटोच्या मागे.
बारा वर्षांत एकदाही उठवला नाही त्याला.

शुक्रवारी खेळायला बसायच्या आत
साठावं काहीतरी बघून ठेव.
आणि राजम्याला रंग दे जमलं तर,
अकील त्यांना रक्त मानत नाही.