एक लिटर दोनशे

तेहतीस वर्षं मी पाणी सोडलं.
पहाटे सव्वाचारला टेंभीपाड्याच्या चढावर,
नंतर खालच्या चाळींना.
खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी,
खिशात वही : कुठल्या व्हॉल्व्हला किती आटे.
आता सकाळी सहाला
इंदुमती माझ्यापुढे स्टीलचा तांब्या ठेवते.
एक लिटर दोनशे. दिवसभराचं.
चहा त्यातच, ताक त्यातच,
गोळ्या गिळायचे घोटसुद्धा त्यातच.

आधी पाय सुजले.
बोट दाबलं की खळगा राही,
ओल्या सिमेंटात राहतो तसा.
मग उशा वाढल्या, एकीच्या तीन झाल्या,
मग उशांनीही भागेना.
खिडकीपाशी बसून रात्र काढायची
आणि ऐकायचं,
पाणी येण्याआधी नळ फुसफुसतो
तसं काहीतरी आपल्याच छातीत.
मी म्हटलं, पित्त आहे.
इंदुमती म्हणाली, पित्तानं चपला घट्ट होत नाहीत.

इको काढणाऱ्या मुलीनं थंडगार जेल लावलं,
डाव्या कुशीवर वळवलं.
पडद्यावर राखाडी काहीतरी उघडझाप करत होतं,
दमलेल्या माणसानं लांबून हात हलवावा तसं.
"हा व्हॉल्व्ह ना?"
"तुम्हाला कसं कळलं?"
"नीट बसत नाहीये. वायसर गेला की असंच."
ती हसली, मग हसायची थांबली,
आणि आकडा लिहिला. अठ्ठावीस टक्के.

डॉक्टर काझींनी मनगटातून तार घातली.
रंग सोडल्यावर पडद्यावर
आमच्या वॉर्डाचा नकाशाच उमटला :
एक लाइन मध्येच चिमटलेली,
दुसरी जवळजवळ बंद.
"किती वर्षं साचत होतं?"
"वीस तरी. घरत, सिगरेट?"
"बिडी. रात्रपाळीला."
दोन स्टेंट बसवले.
पाण्याच्या गोळीनं चार दिवसांत सहा किलो उतरलं.
पण जो भाग उपाशी राहून मेला
तो परत यायचा नाही, म्हणाल्या,
आणि मला बरं वाटलं, खोटं बोलल्या नाहीत म्हणून.
मी तर चढावरच्या बायकांना
तेहतीस वर्षं सांगत आलो, उद्या नक्की येईल.

सुकटीवर पाणी सोडलं. पापडावर, लोणच्यावर.
(बघा, अजून सोडतोच आहे.)
रोज सकाळी चहाआधी वजनकाटा.
दोन दिवसांत दोन किलो चढलं तर फोन करायचा.
कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी मी :
चौसष्ट चारशे, चौसष्ट सातशे,
एका मंगळवारी पासष्ट, त्याभोवती लाल गोल.
तिनं स्वतःही मीठ सोडलंय,
हे मला शेजारणीकडून कळलं.

काल नवा चावीवाला आला, साईराज, बावीस वर्षांचा.
देवळामागच्या व्हॉल्व्हचे आटे वहीत नाहीत.
"एकतीस," मी म्हटलं, "पण बंद करताना शेवटचे चार हळू.
झटक्यात फिरवलास तर पाणी मागे वळून धडक देतं.
जुना पाइप आहे, फाटेल."
"जुना म्हणजे किती, काका?"
"माझ्याहून पाच वर्षांनी मोठा."
त्याला तहान लागली होती.
इंदुमतीनं भरून ग्लास दिला.
अर्धा प्यायला, उरलेला
सहज तुळशीत ओतला.
मी बघत राहिलो.

रात्री तांब्यात दोन बोटं उरतात.
ती मी लगेच पीत नाही.
आज पहाटे सवयीनं जाग आली,
पाणी आलं, चढावर बादल्या वाजल्या,
मग बंद करायची वेळ झाली
आणि देवळामागे लोखंडावर लोखंड कुरकुरलं.
मी अंथरुणात बसून मोजत होतो.
सत्तावीसनंतर पोरगा थांबला.
मग हळू, अठ्ठावीस.
एकोणतीस.