साडेतीन डझन

कांजूरमार्गहून मुलुंडच्या डायलिसिस सेंटरपर्यंत
द्वारकाआत्या धक्के मोजते.
तीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती,
डझनाखाली तिला हिशोबच येत नाही.
"साडेतीन," उतरताना म्हणाली, "आणि वर दोन कच्चे."
डावा हात मांडीवर, झोपलेलं मांजर धरावं तसा.
त्यातच सुई जाते, आठवड्यातून तीनदा.

गाडी मीच खाली बसवली होती.
पवईच्या एका गॅरेजात, ग्राइंडरने,
स्प्रिंगचे दीड वेढे कापून, ठिणग्यांचा व्हिडिओ काढून.
चाक आणि मडगार्डच्या मधे दोन बोटं.
रात्री दोनला वरळीला समुद्राकडे तोंड करून लावायची
आणि लांब जाऊन बघायची.
कुणाला सांगू नये इतका आनंद व्हायचा.
आत्या पहिल्यांदा बघून म्हणाली,
"ही गाडी आहे की बसलेली म्हैस?"

परतीचा रस्ता जास्त वाईट.
रक्त धुऊन आलेल्या माणसाला
एलबीएसवरचा एकेक लोखंडी पत्रा,
मेट्रोवाल्यांनी अर्धवट बुजवलेला एकेक चर
वेगवेगळा कळतो.
सोनापूरच्या सिग्नलला ती मोजायची थांबली.
आरशात बघितलं. ओठ मिटलेले.
मोजत राहिली असती तर बरं झालं असतं.

कुर्ल्याला सगीर परकार. मूळ खेडचा.
बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून
त्याने गाडी दाबली, सोडली, कान दिला.
"तू स्प्रिंगवर चालवतच नाहीस बाबा,
रबराच्या बुचावर चालवतोयस.
शॉकला खाली जायला जागाच ठेवली नाहीस,
मग तो दर खड्ड्याला कपाळ आपटतो."
मी म्हटलं, मऊ करून दे, पण उंची हीच ठेव.
तो हसला नाही. चहा मागवला.
"पोट आत ओढ आणि पोटभर श्वास घे,
असं सांगतोयस तू मला."

आधी हवा. अडतीस होती, तीसवर आणली,
ह्याचे पैसे नाहीत म्हणाला.
मग सतरा इंची अलॉय, कागदाएवढं रबर असलेली.
ती गोवंडीच्या एका पोराने नेली.
नेताना गालावरून फिरवावा तसा रिमवरून हात फिरवला त्याने,
मी दुसरीकडे बघितलं.
पंधराची चाकं आली, गुबऱ्या गालांचे टायर.
कापलेल्या स्प्रिंगा भंगारात.
नव्याही आखूडच, पण आखूड म्हणूनच घडवलेल्या,
आणि त्यांच्या मापाचे शॉक.
"जोडी जमवावी लागते," परकार गाडीखालून बोलला,
नुसते पाय दिसत होते,
"एक ताठ, एक ढिला, असा संसार होत नाही."
जुने बुश त्याने माझ्या हातात दिले.
चिरलेले, आत्याच्या टाचांसारखे.

तीन महिन्यांचे हप्ते गेले.

आता मडगार्डखाली तीन बोटं मावतात,
करंगळी तिरकी केली तर चार.
वरळीला नेऊन बघितली. गाडी आहे.
थोडी खाली. मुद्दाम बघितलं तर कळेल एवढी.

गुरुवारी आत्या मागे बसली,
अंगठा पेरांवरून सरकत होता.
मुलुंडला दार उघडताना विचारलंच, किती?
"दीड. आणि आपल्या गेटवरचा तो उंचवटा
मी धरत नाही. तिथे ॲम्ब्युलन्सपण आदळते."

येताना सोनापूरचा पत्रा.
गाडी खाली गेली, वर आली, एकदाच,
गुडघ्यावर हात टेकून बाई उठावी तशी.
"हे काय होतं?"
पत्रा, मी म्हटलं.
"मग मोजू की नको?"
मागून कुणीतरी हॉर्न मारत होतं.
अर्धा धर, म्हटलं.
ती धरेना. म्हणाली,
तुटकं बिस्किट कारखान्यात हिशोबात नसायचं,
ते आम्ही खायचो.