कळण्याचा हिशेब

पहाटे बोरीच्या कोरड्या पात्रात
आठशे मीटर, दोनदा.
मग गोळा. चार किलोचा,
मानेला टेकवला की लोखंडाचा गारवा कानात चढतो.
सर ओरडतात, "हर्षाली, कंबर!"
मी कंबर फिरवते.
गोळा पडतो कालच्याच खड्ड्याशेजारी.

गिरणीच्या तीन पायऱ्या चढताना
मांड्या माझ्या राहत नाहीत.
माय विचारते, "कोठे दुखस?"
कुठे दुखत नाही, ते विचार.

दगड गुळगुळीत झाला की पीठ तापतं,
दळणाला करपट वास येतो.
मग धरणगावहून इसाकचाचा येतो,
टाकीने दगडाला बारीक बारीक जखमा करतो
आणि दगड पुन्हा दळायला लागतो.
मांडीच्या आतही असंच काहीसं होतं म्हणे.
फक्त दगडाला नंतर जेवायला लागत नाही.

मला लागतं.
वीस प्रकारचे मणी, त्यातले नऊ
अंगात बनत नाहीत.
बाहेरून आणायचे, रोज,
उद्यासाठी कणगीत भरून ठेवता येत नाहीत.
आणि त्यातला एक जरी कमी पडला
तर बाकीचे ओट्यावर बसून राहतात
गवंडी न आलेल्या मजुरांसारखे.

ज्वारीत लायसिन तोकडं.
उडदात ते भरपूर, पण उडदाचं दुसरंच काही उणं,
आणि ते ज्वारीकडे.
पुस्तकावरून मान वर केली तर
माय चाडीत ओतत होती
चार पायली ज्वारी, एक पायली काळे उडीद,
वरून मूठभर खडेमीठ.
कळणा.
एकोणीस वर्षं खाल्ला, आज कळला.

बाजारपेठेतल्या मेडिकलात एक डबा आहे,
निळ्या झाकणाचा, दोन हजार नऊशेचा.
त्यावरच्या माणसाला मान नाही.
देवयानीने घेतलाय.
सर म्हणतात, अर्ध्या तासात पोटात गेलं नाही तर मेहनत मातीत.
पुस्तक म्हणतं, एवढी घाई नसते,
दिवसभर थोडं थोडं खा, रात्री नीट झोप,
डागडुजी उद्याही चालू असते.
मी पुस्तकावर विश्वास ठेवला.
ते लायब्ररीचं होतं.

माय माळकरी.
तरी तिनेच आणली दोन अंडी, वहीच्या कागदात गुंडाळून.
अंगणात, चुलीपासून लांब,
तीन विटा, जर्मनचं वेगळं पातेलं.
उकळी येईपर्यंत
निंबाकडे तोंड करून उभी राहिली.
मग विचारलं, "व्हयनं का?"
जशी काही दुसऱ्या कुणाचीच अंडी.

दळणाच्या काट्यावर मी पंचावन्न.
किलोमागे दीड ग्रॅम धरला,
खडूने भिंतीवर गुणाकार, उधारीच्या नावांखाली:
साडेब्याऐंशी.
मग वजाबाकी. कळण्याच्या भाकरी, घोटलेली डाळ,
शेंगदाणे, ताक, ती दोन अंडी.
तरी अकरा कमी.
उद्या डाळ घट्ट करायची, असं लिहिलं
आणि खाली रेघ ओढली.

माय वाचत होती. म्हणजे आकडे.
पोतं खाली ठेवलं, पदराने पीठ झटकलं,
चपला काढून काट्यावर चढली.
"मना बी कर."

त्रेचाळीस.

दिवसाला तीस-तीस दळणं उचलणारे दंड,
बांगडी आता कोपरापर्यंत सरकते.
ती मला गरम भाकरी वाढते, स्वतः उरलेली
मिरचीच्या ठेच्याशी खाते, उभ्याउभ्याच.
पुस्तकात तिच्या वयाचं एक पान होतं:
वय उतरतं तसे स्नायू आटतात,
तेव्हा कमी नाही, थोडं जास्तच लागतं.
ते पान मी उलटलं होतं.
भरतीला विचारत नाहीत म्हणून.

खडू नखाएवढा उरला होता.
त्रेचाळीस लिहिलं. पुढे गुणिले.
ती काट्यावरून उतरली नाही,
काटा हलत होता.
पट्ट्यानं हालस, ती म्हणाली,
गिरणी बंद कर, मंग बघ.