माया

कपड्याच्या आत, शिवणीपलीकडे जे कापड सोडतात
त्याला आम्ही शिंपी माया म्हणतो.
माणूस अंगाने भरला तर उसवून
अर्धा-पाऊण इंच देता येतो.
कल्पेशच्या प्रत्येक पँटला
मी दोन इंच माया ठेवत आलो.
तो वाढायचा हळू. माया तशीच राहायची आत,
दुमडलेली, कोऱ्या रंगाची.

जन्मला तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी
कागदावर रेघा काढून समजावलं होतं,
एक गुणसूत्र जास्तीचं आहे.
मी म्हटलं, साहेब, कापड कमी पडलं तर घोर,
जास्तीचं असलं तर कसला?
ते हसले नाहीत. मग मीही नाही.

पुढच्या महिन्यात त्याला अठरा पूर्ण.
चोपड्याहून जळगावला गेलो, विदगावच्या पुलावरून,
तापीत पाणी थोडं, वाळू फार.
कचेरीत पालकत्वाचा अर्ज मिळाला.
नाव. टक्केवारी. उत्पन्न.
मग एक रकाना आला:
आपल्या पश्चात कोण?
सुई बोटात गेली की मशीनवरचा पाय
आपोआप थांबतो,
तसं पेन थांबलं.

सुरतहून जागृती फोनवर म्हणाली, मी से ना, आबा.
तिच्यामागे कुकरची शिट्टी
आणि सासूबाईंचं एकदम गप्प होणं,
दोन्ही ऐकू आलं मला.
तिचं नाव मी पेन्सिलीने लिहिलं.

त्याची आई म्हणते, आधी शिकवू तर.
गॅस बंद झाला का, बघ. परत बघ.
कळण्याची भाकरी काही जमत नाही,
पीठ बोटांना धरून बसतं.
खिचडी जमते, शेंगदाणे मोजून बारा.
नोटा ओळखतो रंगावरून.
जुनी, निळी शंभराची आली की परत करतो,
खोटी आहे म्हणतो, कोणाचं ऐकत नाही.

बसस्टँडजवळ केळीच्या वेफर्सच्या दुकानात
आठवड्यातून तीन दिवस पाकिटं भरतो.
पाव किलोला काटा दोनशे बावन्न दाखवतो
तेव्हा एक वेफर काढून खातो.
गोपीचंदभाऊ म्हणतात, माझ्या काट्यापेक्षा पोरगा खरा.
पगार अजून देत नाहीत. चहा देतात.
विचारायचंय त्यांना. विचारेन.

या सगळ्यात एक राहून गेलं होतं,
त्याला विचारणं.
रात्री शटर ओढताना म्हटलं,
कल्पेश, मोठा झाल्यावर तुले काय पाहिजे रे?
वाटलं होतं, मोबाईल म्हणेल.
तो पायरीवर बसला.
विचार करताना त्याची जीभ जराशी बाहेर येते.
समोरून शिरपूरची गाडी गेली, मग यावलची.
मी मोठाच से, म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने,
माले मनं कुलूप पाहिजे.
कशाले?
मनी खोलीले. तुम्ही बाहेर थांबशात.
मी म्हनसू, या. मग या.

आज माप घेतलं. कंबर चौतीस.
श्वास रोखून उभा, फोटो काढतात तसा.
म्हणाला, फिट कर. आत कापड नको.
का रे?
टोचस.

अठरा वर्षं.
एकदाही बोलला नव्हता.

कात्री हातात धरून मी उभा राहिलो,
बाहेर कोणीतरी गिऱ्हाईक, ब्लाऊज झालं का म्हणून विचारून गेलं,
काय उत्तर दिलं आठवत नाही.
दीड इंच कापला.
अर्धा ठेवला, त्याला सांगितलं नाही.
उजवीकडे आतून एक खिसा लावला,
बटणाचा, किल्लीपुरता.

अर्ज मशीनच्या खणात आहे, खडूच्या डब्याखाली,
पेन्सिल पुसट होत चाललीय.
उद्या हार्डवेअरवाल्याकडे जायचं.
तो म्हणतो, मी एकलाच जासू,
तुम्ही दुकान पाहा.
नोट कोणत्या रंगनी, तेवढं सांगा.