तपकिरी म्हणजे एक

तपकीर गल्लीत आता तपकीर मिळत नाही.
मिळतात अडॅप्टर, एलईडीच्या माळा, सोल्डरची रिळं,
शंभराच्या पट्टीत रेझिस्टर,
आणि एक माणूस, जो कुठल्याही टीव्हीला
कुठलाही रिमोट देत "चालेल" म्हणतो.

बुधवार पेठेतल्या या बोळात
मी सत्त्याऐंशी साली आलो,
औंधच्या आयटीआयची वही घेऊन,
कोद्रे मिस्त्रींच्या टेबलाशी.
टेबल म्हणजे दोन पिंपांवर आडवं टाकलेलं दार,
कडी अजून लावलेली.

पहिल्याच दिवशी पाठ घेतला.
काळा शून्य, मी म्हणालो. लाल दोन. नारिंगी तीन.
"मधला कुठं गेला?"
"चॉकलेटी, एक."
त्यांनी सोल्डरिंग आयर्न खाली ठेवली,
बंडीच्या खिशातून पितळी डबी काढली
आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर
एक चिमूट मांडली.
"चॉकलेट तुझ्या बापानं तरी खाल्लं होतं का?
ही तपकीर. हिचा रंग तो तपकिरी.
एक चिमूट, म्हणून एक.
आता विसर बरं."
मग तो आकडा त्यांनी नाकात ओढला
आणि शिंक येईपर्यंत
आम्ही दोघंही थांबून राहिलो.

पुढं तो रंग सगळीकडे दिसू लागला.
त्यांच्या रुमालावर. मिशीच्या डाव्या टोकाला.
दुरुस्त होऊन गेलेल्या रेडिओच्या आत, डायलच्या दोऱ्यावर.
सुट्टे म्हणून परत दिलेल्या पाचाच्या नोटेवर.
काताहून फिका, विटेहून जुना,
जिथं बोट लागेल तिथं एक.

गल्लीला नाव कशावरून पडलं
यावर चहाच्या ग्लासांसकट भांडणं व्हायची.
वायरवाले ओसवाल म्हणत, इथं तपकिरीची दुकानं होती,
आमच्या आजोबांनी शिंका ऐकल्यात.
चऱ्होलीहून माल न्यायला येणारा एक तापकीर
आईशपथ सांगे, गल्ली आमच्याच भावकीची,
पाटी रंगवणाऱ्यानं एक काना खाल्ला.
कोद्रे दोघांनाही मान डोलवत.
दोघंही उधारी वेळेवर देत.

मग रास्ता पेठेतल्या बँडवाल्यांचा ॲम्प्लिफायर आला.
चाळीसच्या दिव्याखाली, लग्नाची घाई,
मी लालच्या जागी तपकिरी लावला.
दोनच्या जागी एक.
धूर निघाला, तोही शांतपणे,
जसा काही त्यालाच वेळ दिलेली होती.
कोद्रेंनी पकडीनं तो जळका दाणा उपटला,
माझ्या तळहातावर ठेवला.
पिवळा गेला होता, नारिंगी गेला होता,
सगळे पट्टे एकाच रंगाचे. एक, एक, एक.
"तापलं की रं," ते म्हणाले,
आणि स्वतःच हसले. "तापलं की रं. तपकीर!"

ही व्युत्पत्ती कुठल्या कोशात नाही.
मी शोधली, चिडून, पुष्कळ वर्षांनी.

शेवटी शेवटी त्यांना
लाल आणि तपकिरी वेगळे दिसेनात.
रेझिस्टर डोळ्यांशी न्यायचे,
मग जरा खाली, नाकाशी.
मला वाटे चेष्टा करतात.
विचारलं नाही. नुसतंच "लाल आहे हो" म्हणायचो,
आणि ते "ठाऊक आहे" म्हणायचे.

आता मीटर आहे. काउंटरवरची संपदा
पट्टे वाचतच नाही, दोन टोकं लावते, आकडा येतो.
परवा तिनं सहज विचारलं,
काका, ब्राऊनला मराठीत काय म्हणतात?
माझ्या तोंडात चॉकलेटी आलं होतं.
गिळलं.
बाहेर भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

पाटी निळी. अक्षरं पांढरी.
सहा आणि नऊ.
ती बघत राहिली, मीही.
फक्त खिळ्यांभोवती गंज चढला होता,
एक इथं,
एक तिथं.